झेरॉक्सवाल्या काकूंचं गोठलेलं खातं

झेरॉक्सवाल्या काकू दुकानाच्या मागच्याच खोलीत राहतात. शटर आतून उघडायचं, आतूनच पाडायचं, ये-जा मागच्या दाराने. कर खात्याने सुनावणीची नोटीस सुट्टीच्या दिवशी शटरवर बाहेरून चिकटवली. दुसऱ्या सकाळी शटर वर गेलं, नोटीसही त्यात गुंडाळली गेली. बाकीच्यांना ती जाहिरात वाटली असणार. काकू सुनावणीला गेल्या नाहीत, म्हणून कर खात्याच्या साहेबांनी एकतर्फी आदेश काढून त्यांचं बँकेतलं खातं गोठवलं.

आमच्या गल्लीतली निम्मी वीजबिलं काकूच भरतात. लोक रोख देतात, काकू ती रक्कम बँकेत टाकून ऑनलाइन बिल भरतात, वर किरकोळ काही घेतात. साहेबांनी ते सगळे पैसे काकूंची विक्री धरून त्यावर कर लावला! आता पैसे अडकले आणि वीज तोडायला माणूस कधी येईल याचा नेम नाही. शेजारच्या शिंप्याने तोंडावर विचारलं, "काकू, अंधारात सुई तुम्ही ओवून देणार का?"

मी काकूंना घेऊन कर खात्याची कचेरी गाठली. साहेब म्हणाले, सही झाली, विषय संपला, अपिलात जा. अपिलाआधी कराची काही रक्कम भरायची, आणि पैसे तर गोठलेल्या खात्यात अडकलेले! माझं डोकं फिरलं. टेबलावर हात आपटला, तसा शिपाई दारात उभा. काकूंनी माझी बाही ओढली.

मी आवाज खाली आणला. "साहेब, हिशेब बदला असं म्हणतच नाही मी. माणसाला न ऐकता काढलेला आदेश मागे घ्या. ज्याने काढला त्याला तो मागे घेता येतो. मग ऐका, आणि कर निघालाच तर खुशाल लावा."

साहेबांनी फाईल मागवली. नोटीस मिळाल्याची पोच नव्हती, नोटीस चिकटवलेल्या बंद शटरचा फोटो होता. ते काकूंना म्हणाले, फोटोत नोटीस तर चांगली स्पष्ट दिसतेय.

"दिसते ना साहेब. पण मी त्या शटरच्या आतल्या बाजूला राहते."

साहेबांनी फोटो फाईलीत परत ठेवला. मग शेरा लिहिला: आदेश मागे, खात्यावरची जप्ती उठवावी, नव्याने सुनावणी.

मला वाटलं, जिंकलो. पण खातं खुलं करायला बँकेला द्यायचं पत्र उद्या जेवणानंतर मिळेल, असं कारकून म्हणाला. काकू त्याच्या टेबलासमोरच्या बाकावर बसल्या, पिशवी मांडीवर घट्ट धरून.

"तुम्ही व्हा पुढे," मला म्हणाल्या. "पत्र निघेपर्यंत मी इथून हलत नाही."