ओंडक्यावरचा चार

इथे अमेरिकेत, रेडमंडच्या आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एकनाथ राहतो. इथली बाकी मराठी मंडळी सकाळी लॅपटॉपची सॅक पाठीला लावून बस पकडायला धावतात. एकनाथ सोमवारी पहाटे हेल्मेट आणि तळव्याला खिळे असलेले बूट घेऊन डोंगरावर जातो आणि शुक्रवारी परत येतो. त्याचं काम ओंडक्यांची वजनं सांगण्याचं. राधिकाने, म्हणजे माझ्या सुनेने, फारच आग्रह केला म्हणून हे लिहितो आहे. मला लिहायची सवय नाही आणि हेलिकॉप्टरमधलं तर काहीच कळत नाही. त्याने जसं सांगितलं तसं मांडतो.

बल्लारपूरला एका लाकूड व्यापाऱ्याकडे एकनाथने सत्तावीस वर्षं मोजणी केली. मेहुण्याने अमेरिकेत बोलावून घेण्यासाठी भरलेल्या अर्जाचा नंबर चौदा वर्षांनी लागला, तेव्हा पन्नाशीला टेकलेला हा माणूस बायको मीनाक्षी आणि मुलगी सावनीला घेऊन इथे आला. पहिली दोन वर्षं बेलव्ह्यूच्या एका किराणा दुकानात तांदळाच्या गोण्या लावल्या. तक्रार काही नव्हती. पण एकदा मला म्हणाला, "काका, तिथे प्रत्येक गोणीवर वजन छापलेलं असतं. मला ओळखायला काही उरतच नाही."

मग सावनीने एक जाहिरात शोधून काढली. डोंगराच्या ज्या उतारावर रस्ता काढता येत नाही तिथलं जंगल विरळ करायचं असेल, तर तोडलेली झाडं हेलिकॉप्टरने उचलून खाली आणतात. हेलिकॉप्टर वरच घिरट्या घालतं, खाली लांबलचक दोर सोडतं, जमिनीवरची माणसं दोराच्या हुकाला ओंडके अडकवतात. ते हेलिकॉप्टर एका वेळी साधारण नऊ हजार पौंड उचलायचं. भार जास्त झाला तर पायलटला ओंडके तिथेच सोडून द्यावे लागतात. कमी झाला तर फेरी फुकट जाते, आणि हेलिकॉप्टरचं एकेक मिनिट फार महाग. म्हणून ओंडके नुसते बघून वजन सांगणारा, आणि त्यावर किती हजार ते रंगाने लिहून ठेवणारा माणूस हवा होता.

एकनाथचा हिशोब सगळा किलोत आणि क्विंटलमध्ये. पौंडाची सवय व्हावी म्हणून तो महिनाभर घरात दिसेल त्याचं वजन सांगत सुटला. सोफा झाला, फ्रीज झाला. आमच्या अनयला, माझ्या नातवाला, उचलून "बेचाळीस" म्हणाला आणि काट्यावर बेचाळीसच भरलं. मीनाक्षीकडे बघायला लागला तेव्हा मात्र ती कडाडली, "अहो, खबरदार! माझं वजन पौंडात सांगायचं नाही. उगाच दुपटीहून जास्त होतं."

मुकादम वॉल्टने त्याला बुधवार ते शुक्रवार असे तीन दिवस बघतो म्हणून सांगितलं. जमलं तर ठेवीन, नाही तर सोमवारी येऊ नकोस. जाताना एकनाथ मला म्हणाला, "काका, हे गेलं तर पुन्हा गोण्या." एवढंच बोलला, पण त्या दोन रात्री त्याला मोटेलात झोप लागली नव्हती म्हणे.

बुधवार आणि गुरुवार उत्तम गेले. तो ओंडक्याचं कापलेलं तोंड वितीने मोजायचा, बुटाची ठोकर मारून आवाज ऐकायचा, ओल बघायचा आणि आकडा काढायचा. पायलट कोरा नावाची बाई. हुकावर किती वजन आलं ते तिच्यासमोर दिसतं. ती रेडिओवरून वजन सांगायची आणि ते एकनाथच्या आकड्याशी जुळायचं. त्याला तिथे सगळे "एक" म्हणतात. आपल्याकडे हाही आकडाच, हे त्यांना ठाऊक नाही. दुसऱ्या संध्याकाळपर्यंत दोर बांधणारे ओंडक्याकडे बघायचं सोडून नुसत्या आकड्याकडे बघायला लागले.

शुक्रवारी दुपारी वरून ढग उतरायला लागला. ढगात हेलिकॉप्टर उडत नाही. जंगलाचा शेवटचा तुकडा राहिला होता, लाकूड मध्यम, दोन ते चार हजारांचं. वॉल्ट खालून रेडिओवर म्हणाला, "एक, घाई कर." एकनाथ त्या उभ्या उतारावर नेच्यांमधून घसरत, रंगाचा डबा हलवत, भराभर आकडे काढत सुटला.

हेलिकॉप्टर आलं आणि पहिला ओंडका घेऊन वर गेलं.

"वॉल्ट," कोराचा आवाज आला, "मला काडेपेटीतली काडी पाठवली आहे का?"

"आठ लिहिलंय!" बांधणारा ओरडला. "आठ म्हणून एकटाच बांधला."

दुसरी फेरी. "पुन्हा काडी." तिसरी फेरी. "मी काय इथे हवा खायला आले आहे?"

वॉल्टचा आवाज चढला. "एक, तो डबा खाली ठेव. बास झालं."

एकनाथने डबा खाली ठेवला. एका बुंध्याला धरून उभा राहिला. काय चुकलं तेच कळेना.

"थांब, वॉल्ट," कोरा म्हणाली. "आठ म्हणून दिलेला पहिला ओंडका चार हजार भरला. दुसरा चार हजार पन्नास. तिसरा तीन हजार नऊशे. माणूस चुकला तर कसाही चुकतो. हा तिन्ही वेळा बरोबर अर्ध्यावर कसा येतो?"

एकनाथने वळून शेजारच्या ओंडक्याकडे पाहिलं. त्यावर नारिंगी रंगात, स्वतःच्याच वळणदार हाताने काढलेला ४ होता. दोन दिवस तो आठवणीने इंग्रजी आकडे काढत होता, पण आज घाईत हात सत्तावीस वर्षांच्या सवयीने चालला होता. दोन आणि तीन दोन्हीकडे सारखेच दिसतात, म्हणून ते निभावून गेले. चार मात्र त्या लोकांना आठ वाटला.

"ते आठ नाहीत!" तो रेडिओत ओरडला. "चार आहेत! माझे चार!"

"तुझे चार म्हणजे?"

"मराठी चार!"

मग कोरा एवढ्या मोठ्याने हसली की रेडिओ खरखरला. "अरे, मग दोन-दोन बांधा ना! ढग यायला वीस मिनिटं आहेत."

बांधणारे तुटून पडले. चार आणि चार आठ, आठ आणि थोडं, असे भार भराभर वर जायला लागले. कोरा प्रत्येक फेरीला वजन सांगायची, "आठ हजार शंभर, मराठी!" आणि खालून सगळे आरोळी द्यायचे. शेवटचा भार गेला तेव्हा कडा दिसेनासा झाला होता.

खाली वॉल्ट ट्रकपाशी उभा होता. त्याने चिखलाने माखलेल्या दाराकडे बोट केलं. "तुमचे आकडे काढ."

एकनाथने बोटाने १ काढला.

"हा नऊ आहे," वॉल्ट म्हणाला.

"एक आहे."

मग ७ काढला.

"हा सहा."

"सात."

वॉल्टने टोपी काढून डोकं पुसलं. "म्हणजे आज आम्ही थोडक्यात वाचलो म्हणायचं! सोमवारी सहाला हजर हो. आणि आकडे अमेरिकेचे."

डोंगर उतरल्यावर फोनला रेंज आली तशी एकनाथने गाडी कडेला घेतली.

"अहो, आवाज असा का येतोय?" मीनाक्षी म्हणाली. "काय झालं?"

"ठेवलं मला."

"कुठे?"

"अगं, कामावर! बर्फ पडेपर्यंत, आणि वितळलं की पुन्हा!"

खालच्या मजल्यावर जी आरोळी उठली ती आम्हाला वर ऐकू आली. राधिका दार उघडते तोवर मीनाक्षी अनवाणीच जिना चढून आली होती, फोन हातात तसाच. तिने राधिकाला मिठी मारली, मग मला नमस्कार केला, मग अनयला उचलून गरागरा फिरवलं. आणि फोनमधून एकनाथ केव्हाचा विचारत होता, "अगं, आहेस का? कुठे गेलीस?"