नख रुतलं तर कच्चं

नवा माणूस समोर आला की तो त्याचा हात धरायचा आणि दंडावर अंगठ्याचं नख रोवायचा. माणूस कळवळला की समाधानाने आपल्या अहिराणीत म्हणायचा, "कच्चा शे."

विसरवाडीच्या फाट्यावर त्याचं टायर दुरुस्तीचं दुकान होतं आणि समोरच्या लाकडाच्या वखारीत मी कारकून होतो. साठ सालाच्या आसपासची ही गोष्ट. सुरतेला जाणारे आमचे ट्रक त्याच्यावाचून हलत नसत, त्यामुळे त्याच्या नखाचा प्रसाद आम्हा सगळ्यांनाच मिळाला होता. तुम्हालाही असा एखादा भेटला असेल, हाताने कसबी आणि स्वभावाने विंचू.

कामात मात्र खोट काढायला जागा नव्हती. टायरची चीर तो कानशीने घासायचा, तिच्यात कच्च्या रबराचं ठिगळ बसवायचा आणि वर तापलेली लोखंडी पट्टी स्क्रूने आवळायचा. त्या रबरात गंधक मिसळलेलं असे. कच्चं रबर म्हणजे सुट्या सुतळ्या. ओढलं की लांबतं आणि तसंच लोंबत राहतं. आच लागली की गंधक त्या सुतळ्यांना एकमेकींशी गाठी मारतं. मग ते कितीही ताणा, सोडलं की मूळच्या आकाराला येतं. पट्टी काढल्यावर तो ठिगळावर नख दाबायचा. खूण राहिली तर कच्चं, भरून आली तर पक्कं.

एकदा एका ड्रायव्हरने भुणभुण लावली की जुनं टायर वितळवून त्याचंच ठिगळ कर. ह्याने टायरचा तुकडा शेगडीत टाकला आणि ड्रायव्हरची मानगूट धरून त्याला धुरावर वाकवलं.

"वितळनं का? दख, दख! गाठी पडन्यात का मंग रबर जळस, वितळत नही."

ड्रायव्हर खोकून खोकून लालबुंद झाला. आम्ही हसलो. दुसऱ्याची फजिती होत असली की त्याच्या दुकानात हसू यायचंच.

घरातही हाच न्याय. बायको दुकानामागच्या खोलीत वावरायची. भाकरी जाड झाली तरी "कच्ची शे", तिला रडू आलं तरी "कच्ची शे". एकुलती एक मुलगी त्याने तापीकाठच्या गावात दिली होती. पाठवणीच्या वेळी ती रडली, तेव्हा भर वऱ्हाडात त्याने तिचा दंड दाबला आणि व्याह्यांना हसत म्हणाला, "सासरनी आच लागनी का पकी जाई."

ती एका दुपारी एकटीच बसमधून उतरली. दिवस भरत आले होते. चपलांत पाय शिरत नव्हते म्हणून त्या हातात घेतल्या होत्या. चेहरा फुगलेला.

"आबा, मन्हाघाई काम व्हत नही. डोकं भलतं दुखस. मले आठेच ऱ्हाऊ दे."

पहिलं बाळंतपण माहेरी, ही आपली रीत. पण सासरच्यांनी रीतसर पाठवण्याआधीच आली म्हणून तो खवळला. त्याने तिचा हात ओढला आणि मनगटाच्या वर नख रोवलं. नख काढलं, पण खड्डा भरेना. आम्ही वखारीच्या दारातून पाहत होतो. तो पांढरट खड्डा तसाच राहिला.

"दखा," तो आम्हाला ओरडून म्हणाला, "अजून कच्ची शे."

मी रस्ता ओलांडून गेलो. म्हटलं, "अहो, ही सूज आहे. पोरीला नवापूरला दवाखान्यात न्या."

"तुम्हीन लाकडं मोजा, भाऊसाहेब."

बायको पाण्याचा तांब्या घेऊन दारापर्यंत आली होती. तिला त्याने नजरेनेच आत धाडलं. पाणी न पिताच पोर परतीच्या बसकडे निघाली. चढताना तिला कंडक्टरने हात दिला. त्या क्षणी मला तिच्या बापाच्या थोबाडीत मारावीशी वाटली, आणि आठवण आली की अजून वाटते.

पुढच्या बाजाराआधीच निरोप आला. झटके येऊन ती गेली होती. मूल जगलं होतं. मुलगी.

निरोप आला तेव्हा तो ठिगळ शिजवत होता. त्याने ऐकलं आणि पट्टीचा स्क्रू आणखी आवळला. रबर करपल्याचा वास सुटला, ट्रकवाला ओरडायला लागला, तरी त्याने पट्टी सोडवली नाही.

बायको एकटी गेली आणि नातीला घेऊन आली. सासरच्यांना मुलगी नकोच होती. दुकानाच्या उंबऱ्यावर ती थांबली आणि आम्ही तिचा आवाज पहिल्यांदा रस्त्यापलीकडून ऐकला.

"ह्या पोरले हात लावानं नही तुम्हीन."

त्याने तिचं ऐकलं मात्र.

पोर रांगायला लागली, टायरांमध्ये बसून खेळू लागली. एकदा ती त्याच्या पायाला धरून उभी राहिली आणि उचलून घे म्हणून तिने दोन्ही हात वर केले. त्याने आपले हात पाठीमागे नेले आणि एकमेकांत घट्ट धरले. पोर रडायला लागली, मग हमसून रडायला लागली. तो तसाच उभा राहिला, बायको आतून येऊन तिला उचलून नेईपर्यंत.