आबाकाकांचा नवा आवाज

घरात कुठलंही नवं यंत्र आलं की आबाकाका आधी त्याचं वय काढायचे. "हा बोटाने सरकवायचा फोन होय? मी नोकरीला लागलो तेव्हाच एका दिवाळी अंकातल्या गोष्टीत आला होता. लेखकाने वेळेवर दिलान, कंपनीने उशीर केलान!" आम्ही हौसेने आणलेली वस्तू अशी एका वाक्यात शिळी व्हायची.

हे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. पोफळीच्या वीजघरात ऑपरेटर होते. डोंगराच्या पोटातली नोकरी, आणि ड्युटी संपवून वर आले की विज्ञानकथा. "आमचं वीजघर म्हणजे यानच रे," म्हणायचे, "उडत नव्हतं एवढंच." निवृत्त होऊन देवरूखजवळच्या आमच्या गावी आले ते पुस्तकांच्या ट्रंका घेऊन. त्या ट्रंकांत तांदूळ जास्त चांगले राहिले असते, असं काकींचं मत होतं.

विज्ञानकथांचे भक्त असले तरी आंधळे नव्हते. मुंबईहून त्यांच्या मुलाचा, मंगेशचा, पहिला व्हिडिओ कॉल आला तेव्हा फोन ठेवून म्हणाले, "पडद्यावर माणूस दिसणार हे ठाऊक होतं. पण सुनेला आपली कोळिष्टकं दिसतील, हे एकाने तरी लिहिलंन?" पुढे मंगेशने केर काढणारा गोल रोबो पाठवला. तो माजघराच्या उंबरठ्यावर धडका देत राहिला. काका त्याच्याजवळ उकिडवे बसले आणि समजुतीच्या सुरात म्हणाले, "राहू दे. पहिला दिवस आहे."

मग काकांच्या घशात गाठ निघाली. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्रच काढावं लागलं. डॉक्टरांनी टॉर्चसारखं एक यंत्र दिलं. ते गळ्याला टेकवून बटण दाबायचं आणि ओठ हलवायचे. बोलणं उमटतं, पण एकाच सुरात, भुंग्यासारखं. मी उत्साहाने म्हणालो, "काका, हे तर तुमच्या त्या विज्ञानकथांतलंच!" माझ्या शहाणपणाला वेळकाळ नसतो. काकांनी फोनवर टाईप करून मला दाखवलं : "आयुष्यभर मी रोबोंच्या बाजूने होतो. त्यांच्यातला व्हायचं नव्हतं."

यंत्र कपाटात गेलं. काका अंगठ्याने बोलू लागले, तेही कामापुरतं.

गणपती आले. आमच्याकडे आरतीनंतर घरातला वडीलधारा माणूस गाऱ्हाणं घालतो. शेताचं, गुरांचं, मुंबईला राहिलेल्यांचं देवाला सांगायचं. प्रत्येक सांगण्याच्या शेवटी त्याचा आवाज चढतो आणि सगळे एकदम म्हणतात, "व्हय म्हाराजा!" इतकी वर्षं तो आवाज काकांचा होता. माझे वडील हयात नसल्यामुळे आता पाळी माझ्यावर आली. आठवडाभर न्हाणीघरात तालीम केली. पण उभी हयात तहसील कचेरीत कारकुनी केलेली. ऐन वेळी हात जोडून मी म्हणालो, "तरी ग्रामदेवता व इतर संबंधित देवतांनी योग्य ती कृपा करावी, ही विनंती."

पोरं खिदळली. काकी म्हणाल्या, "मेल्या, देवाला अर्ज देतोस काय?"

काका उठले आणि आत गेले. रागावले असं मला वाटलं. पण बाहेर आले ते यंत्र घेऊन. मला खांद्याने बाजूला सारून गणपतीसमोर उभे राहिले आणि यंत्र गळ्याला टेकवलं.

"बा गणराया, तुजी सेवा लेकरांनी केली, ती गोड मानून घे."

कुणीच काही म्हणालं नाही. आवाज चढलाच नव्हता. सांगणं कुठे संपलं ते कळणार कसं? काकांनी वळून आमच्याकडे पाहिलं. आता यंत्र पुन्हा कपाटात जाणार, असं मी धरूनच चाललो. पण काकांनी तेच वाक्य पुन्हा म्हटलं आणि संपताच यंत्र गळ्यापासून काढून उंच धरलं. गुणगुण थांबली.

"व्हय म्हाराजा!" आम्ही ओरडलो.

मग भाताचं झालं, गुरांचं झालं, मंगेशच्या बढतीचं झालं. दर वेळी यंत्र वर, आणि घर एका आवाजात. शेवटचं सांगणं मात्र आम्ही कधी ऐकलेलं नव्हतं.

"बा गणराया, आवाज बदललाय. मानूस तोच हाय. वळख ठेव."

यंत्र वर गेलं. आम्ही नुसतेच हात जोडले. काकींनी एकटीनेच म्हटलं, "व्हय म्हाराजा."

पुढे काका होते तोवर गाऱ्हाणं त्यांनीच घातलं. संबंधित देवतांनाही तेच सोयीचं पडलं असेल.