सात नावांची लेक

माझी आत्या विद्यापीठात मध्य आशियातल्या तुर्किक लोकांचा इतिहास शिकवायची. म्हणजे नेमकं काय, हे आमच्या घरात कुणालाच धड सांगता येत नसे. बाबा पाहुण्यांना "ही इतिहासात असते" एवढं सांगून मोकळे होत. विद्यापीठातली तिची खोली तिसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या टोकाला. दोन्ही खुर्च्यांवर पुस्तकं, त्यामुळे आलेल्याने उभंच राहायचं. पण येणार होतं कोण?

तरुणपणी ती अभ्यासासाठी मेंढ्या राखणाऱ्या एका जमातीत राहिली होती. तिथे अनोळखी माणसं भेटली की आधी एकमेकांना बापाकडच्या सात पिढ्यांची नावं विचारतात. त्यात एक नाव जरी जुळलं तरी ती भाऊबहीण, त्यांचं लग्न होत नाही. आत्याची गाडी स्वतःच्या आजोबांच्या नावापाशीच अडली. ज्याच्या घरी ती उतरली होती त्या म्हाताऱ्याचा जीव कळवळला. त्याने चार नातेवाईक जेवायला बोलावले, सर्वांदेखत हिला लेक मानलं आणि आपली सात नावं तिच्याकडून घोकून घेतली. आत्या हरखून गेली. आता प्रत्येक तंबूत तिला घरच्यासारखा शिरकाव होता. त्याच बळावर प्रबंध झाला, नोकरीही लागली.

दुसऱ्या खेपेला म्हाताऱ्याचा पुतण्या भेटला. हा घोड्यांचा डॉक्टर, शिकून नुकताच परतलेला. दोन उन्हाळे तो तिच्यासोबत तंबूतंबूतून हिंडला आणि मग त्याने काकाकडे तिला मागणी घातली. म्हातारा रडला म्हणे, पण नाही म्हणाला. चुलतभावाला मुलगी द्यायची कशी?

हे आत्याने मला एकदाच सांगितलं, चहा गाळता गाळता. मी उसळलेच. "अगं, तू कुठे त्यांची खरी मुलगी होतीस? सांगायचंस ना तसं."

"आणि मी त्यांना बाबा म्हणत होते ते काय प्रबंधासाठी?" ती म्हणाली.

मला त्या म्हाताऱ्याचा अजूनही राग येतो. पुतण्याचं पुढे लग्न झालं, मुलं झाली. आत्या दरवर्षी वर्गात तोच नियम कोरड्या आवाजात शिकवत राहिली आणि संध्याकाळी कुलूप काढून रिकाम्या घरात शिरत राहिली.

ती निवृत्त झाल्यावर एका दुपारी त्या घोड्यांच्या डॉक्टरचा फोन आला. मी तिथेच होते. बोलणं मला ओ की ठो कळेना. त्याची बायको वारली, एकटं वाटतं म्हणतो, असं तिने फोन ठेवल्यावर सांगितलं. मला एकदम आशा वाटली. आता या वयात कोण पिढ्या मोजतंय? मी म्हटलं, तिकीट काढू का तुझं?

आत्या चष्मा पुसत बसली होती.

"इतक्या वर्षांत त्याने मला कधी ताई म्हटलं नव्हतं," ती म्हणाली. "आज म्हणाला."