बरणीतला कोळी

सन २०१४. मला एकाहत्तरावं लागलं होतं आणि सरस्वतीपुरमातल्या माझ्या माडीवर एक भाडेकरू होता. हेब्बाळच्या कंपनीतला मोठा साहेब! माणसांना नमस्कार करायला त्याला सवड नसे. बरण्यांत पाळलेल्या, झाडावर राहणाऱ्या जातीच्या केसाळ कोळ्यांशी मात्र कन्नडातून लाडात बोलायचा. स्वतःचं लग्न जमेना, आणि हा कोळ्यांच्या जोड्या लावायचा.

एकदा किल्ली माझ्याकडे देऊन तो एच. डी. कोटे गावी मुलगी पाहायला गेला. दुपारी बघतो तर मोठी मादी उताणी, पाय आखडलेले. मी फोन केला, "तुझी राणी मेली. फेकतो."

"अय्यो अज्जा, हात लावू नका! कात टाकतेय ती!"

"मेलेलं मला कळतं. शिंप्याचे डोळे आहेत."

मुलीकडे पुढ्यात आलेलं उप्पीट आणि केसरी शिरा तसंच सोडून तो धापा टाकत आला आणि बरणीपुढे बसला. श्वाससुद्धा हळू घेत होता. तासाभरानं ती जुन्या कातडीतून बाहेर सरकली, तसा हा साहेब चक्क रडला. तोवर मुलीकडच्यांचा नकार फोनवर आला होता.

जन्मात मी कुणाची माफी मागितली नव्हती. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या बसनं कोटेला गेलो आणि मुलीच्या बापाला म्हणालो, "चूक माझी. पोरगा खुळा आहे, पण उताणं पडलेल्याला टाकून देत नाही."