मावशीच्या हाडाचा सांधा

माझी मावशी हाडाची वेल्डर. आजोबांचं वर्कशॉप मामाला नको होतं, ते तिनं घेतलं. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, जिन्यांचे कठडे. तिनं जोडलेलं लोखंड पुन्हा सुटल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही. बाई वेल्डिंग करते म्हणून सुरुवातीला लोक थांबून बघायचे. ती तोंडावरची काळी काच वर करून म्हणायची, "बघा खुशाल. पण डोळे चुरचुरले तर माझ्याकडे येऊ नका."

एका सकाळी रचलेल्या पाइपांचा ढीग घसरला आणि तिचा उजवा हात खाली सापडला. कोपराखालचं हाड मोडलं. प्लास्टर घातलं, महिने गेले, प्लास्टर काढलं, तरी एक्स-रेमध्ये काळी फट जशीच्या तशी. एरवी घर डोक्यावर घेणारी मावशी नुसती खिडकीशी बसून राहायला लागली. "लोखंड ऐकतं माझं," एकदा म्हणाली, "आणि घरचं हाड ऐकत नाही."

डॉक्टर ऑपरेशनचं बोलले, पण त्याआधी कमी शक्तीचा लेझर लावून बघू म्हणाले. कातडीवरून नुसता प्रकाश द्यायचा. "काहींना फायदा होतो. खात्री मात्र देत नाही."

पहिल्या दिवशी मी सोबत गेले. पडद्यामागे एक टेबल, दोन खुर्च्या, एवढीच जागा. फिजिओथेरपी करणाऱ्या मुलीनं मावशीच्या हाताचा पट्टा सोडला आणि आम्हाला चष्मे दिले. चष्मा बघून मावशी सावध झाली. तिच्या ओळखीचा प्रकाश भाजणारा. ठिणग्यांचे डाग अजून मनगटांवर आहेत. ओठ घट्ट मिटून तिनं हात पुढे केला. मुलीनं पेनाएवढी नळी कातडीवर टेकवली, जरा थांबून पुढे सरकवली, पुन्हा टेकवली.

"सुरू कर गं बाई. उगाच जीव टांगणीला लावू नकोस."

"मावशी, संपत आलं," मुलगी म्हणाली.

मावशीनं हाताकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "कोमटसुद्धा लागलं नाही. मग हा करतो काय?"

"आतल्या पेशींना जोर येतो म्हणतात," मुलगीच म्हणाली. " हाड त्याच बांधतात. आपण फक्त त्यांच्या पाठीवर हात ठेवायचा."

घरी येताना मावशी म्हणाली, "बॅटरी मारून हाडं जुळत असती, तर रखवालदाराचे गुडघे कशाला दुखले असते?" पण तिनं एकही खेप चुकवली नाही.

पुढच्या एक्स-रेच्या वेळी डॉक्टरांनी चित्र कॉम्प्युटरच्या पडद्यावर मोठं केलं. फटीच्या दोन्ही बाजूंनी धुक्यासारखं काहीतरी पांढरं उतरलं होतं.

"हे काय आलंय?" मावशीनं विचारलं.

"नवं हाड. अजून कच्चं आहे."

ती उठून पडद्याला नाक लागेल इतकी जवळ गेली. "बाहेर फुगलंय."

"फुगतंच. शरीर आधी सढळ हातानं माल भरतं. मग जास्तीचा सावकाश काढून टाकतं."

"म्हणजे सांधा घासून सपाट करणारंही आतच आहे कुणीतरी?"

"आहे."

"लेझरनं झालं का हे?"

"लेझरनं किती आणि तुमच्या हाडानं किती, ते मला वेगळं काढून सांगता येणार नाही."

मावशी हळूच खुर्चीत बसली. तिचा आवाज एवढा खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. "मी चिडत होते, रडत होते, तुम्हा सगळ्यांवर ओरडत होते. आणि इथे आत काम चालूच होतं. कुणी सांगितलं नाही, कुणी बघितलं नाही." डाव्या तळव्यानं ती मोडका हात कुरवाळत राहिली, झोपलेल्या बाळाला कुरवाळावं तसा. बाहेर पुढचा पेशंट खोकत होता. डॉक्टरांनी तिला उठवलं नाही.

ऑपरेशन टळलं. आधी हलकी कामं, मग गेटं, असं करत ती पुन्हा कामाला लागली. बऱ्याच काळानं शेवटचा एक्स-रे काढला, तेव्हा फुगवटा जवळजवळ गेला होता. रंगाखाली दडलेला सांधाही बोटानं ओळखणारी माझी मावशी त्या चित्रावर पुन्हा पुन्हा बोट फिरवत होती. शेवटी डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "कुठे मोडलं होतं, ते जरा दाखवा ना."