मिठागरवाल्यांच्या पिकअपचा ॲक्सल आणि आमचे हिराजीमिस्त्री

हिराजी भोईर, म्हणजे कळंबोलीतल्या आम्हा सर्वांचे मिस्त्री, यंदा पंचाहत्तर वर्षांचे होत आहेत. मी त्यांना प्रथम पाहिले ते पनवेलला, माझ्या बाबांच्या लेथवर. मोजमाप मी घरीच, बाबांच्या हाताखाली शिकले होते. मिस्त्रींनी आणलेला शाफ्ट मी तीनदा मोजला. तेव्हा ते बाबांना म्हणाले, "पोर लय भित्री हाय. माज्याकडं पाटव. न भिनारी चार पोरं गॅरेजात हायेत, तीच गारी बिघडवतात."

मिस्त्रींच्या गॅरेजात मला कपडे बदलायला जागा नव्हती. पहिल्याच दिवशी मिस्त्रींनी सुट्या भागांची खोली रिकामी करून तिची एकुलती एक किल्ली माझ्या हाती दिली.

त्यांच्या कामाविषयी लिहायचे तर माझी चूक सांगितलीच पाहिजे. उरणच्या एका मिठागरवाल्या तात्यांची जुनी परदेशी पिकअप आमच्याकडे आली होती. मागच्या ॲक्सलमधली दोन्ही बेअरिंग गेली होती. दातेरी चाकांची जोडी मात्र शाबूत होती. तशी जोडी आता कुठेच मिळत नव्हती. तात्यांच्या पुतण्याने सायबर कॅफेत बसून खूप शोधली होती. जोडणी चुकली असती तर दात गेले असते आणि गाडी भंगारात.

बेअरिंगांना वरून आवळून धरणाऱ्या दोन अर्धगोल टोप्या आपापल्याच जागी बसवाव्या लागतात. मिस्त्रींनी त्यांच्यावर खडूने खुणा केल्या आणि ते चहाला गेले. मी सगळे भाग रॉकेलने लख्ख धुतले. खुणाही धुतल्या गेल्या. टोप्या दिसायला अगदी सारख्या. मिस्त्री परतताच मी सांगून टाकले.

"सांगितलास ता बरा केलास," ते म्हणाले. "गुपचूप बसवला असतास तं दात गेलं असतं. आता रडू नको. बापानं शिकवलाय ता काड."

तेवढ्यात तात्या आले. सगळे कळल्यावर म्हणाले, "काय मिस्त्री, पोरीला भांडी घासायला ठेवलंस?"

"घासन्यात तिचा हात कोन धरनार नाय. पन खडूवर भरोसा मी ठेवला. आदी टोपीवर पंचचा ठोका मारायला पायजे होता, तो पुसत नाय. चूक माजी हाय. दोन दिस द्या."

गिऱ्हाइकासमोर शिकाऊ मुलीची चूक स्वतःच्या नावावर घेणारे मिस्त्री मी दुसरे पाहिलेले नाहीत.

पुढचे दोन दिवस मी प्रत्येक टोपी दोन्ही बाजूंना, उलटसुलट आवळून आतले भोक मोजत होते. चुकीच्या जागी ते केसभर लांबट भरे. एकाच मांडणीत दोन्ही भोके गोल निघाली. मग नवी बेअरिंग बसवून मिस्त्रींनी शेंदूर तेलात कालवला आणि दातांना फासला. चाके फिरवल्यावर दात एकमेकांना टेकल्याचा ठसा दाताच्या मधोमध येईपर्यंत बेअरिंगलगतच्या पातळ पत्र्या बदलत राहायचे काम त्यांनी मलाच करू दिले. स्वतः हात मागे बांधून उभे राहिले.

रोडपालीच्या रस्त्यावर तात्यांनी गाडी चालवली. मिस्त्री मागे हौद्यात कान लावून आडवे झाले होते. उठून एवढेच म्हणाले, "आवाज नाय."

आता त्यांना कमी ऐकू येते. चाचणीला ते माझ्या शेजारी बसतात आणि विचारतात, "आवाज हाय?" मी "नाही" म्हटले की दुसऱ्यांदा विचारत नाहीत. गाडी गिऱ्हाइकाला देऊन टाकतात. त्यांच्या गुडघ्यांना आराम पडो, जेवण गोड लागो, आणि आणखी पुष्कळ वर्षे त्यांनी असेच शेजारी बसून मला एकदाच विचारावे.